पहिल्या बॅगेचं घड्याळ

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कॉलेजात मला दरवर्षी व्याख्यानाला बोलावतात. विषय ठरलेला: व्यूहात्मक व्यवस्थापनाचा विमानतळाच्या कामगिरीवर होणारा परिणाम. नाव ऐकूनच अर्धा वर्ग जांभया द्यायला लागतो, आणि पोरांचं काही चुकत नाही. मी पडद्यावर चौकोन दाखवते, बाण दाखवते, वरचा निर्णय खाली कसा झिरपतो ते सांगते. मग शाल आणि फळांची टोपली घेऊन घरी येते. असा परिणाम अगदी जवळून मी एकदाच पाहिला. तो एका माणसावर झाला होता आणि तो करण्यात माझाच हात होता. वर्गात हे सांगायची माझी छाती होत नाही, म्हणून इथे लिहिते.

आम्ही बेंगळुरूचे जुने मराठी. वडील सरकारी कारखान्यात इंजिनियर म्हणून आले आणि इथलेच होऊन गेले. मराठी फक्त घरात. उंबरा ओलांडला की कन्नड. त्यातून आम्हाला एक वाईट खोड लागली. चारचौघांत कुणाबद्दल काही बोलायचं असलं की खुशाल मराठीत बोलायचं. भाजीवाली चढा भाव सांगतेय, शेजारीण आगाऊ आहे, ऑटोवाल्याचा मीटर पळतोय, सगळं त्यांच्या तोंडावर, आणि तेही हसत हसत. पुण्या-मुंबईच्या लोकांना हे सुख नाही. आम्हाला होतं, आणि आम्ही ते मनसोक्त उपभोगलं.

मी नोकरीला लागले तेव्हा विमानतळ शहरातच होता. काय तो विमानतळ! एखाद्या तालुक्याच्या बस स्टँडला फरशी घातलेली, एवढाच फरक. उतरलेल्या माणसांसाठी एक हॉल, त्यात बॅगांचे दोन बेल्ट, त्यातला एक निम्मा वेळ आजारी. एक माणूस यायचा आणि त्याला न्यायला अख्खी गल्ली यायची. फिल्टर कॉफीचा, मोगऱ्याच्या गजऱ्यांचा आणि फिनाईलचा असा एक मिश्र वास हॉलमध्ये कायम असायचा. आजही कुठे तो वास आला की माझं पाऊल थबकतं. मी त्या हॉलमध्ये नवशिकी होते आणि मला काम शिकवलं अण्णांनी.

अण्णा बॅगांच्या विभागातल्या आमच्या पाळीचे मुख्य. राहायचे आनेकलला, दोन बस बदलून यायचे, आणि तरी आमच्या आधी हजर. बुटके, जाड भिंगांचा चष्मा, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एक कायम गळकं. विमान लागलं की ते आधी हॉलमध्ये यायचे, बेल्टभोवती उभ्या असलेल्या माणसांवरून एक नजर फिरवायचे आणि मगच आत जायचे. त्यांच्या पाळीत एक रिवाज होता. शेवटच्या प्रवाशाला त्याची बॅग मिळेपर्यंत कुणी कॉफीला जायचं नाही. आणि जो शेवटचा उरेल त्याच्याशेजारी अण्णा स्वतः जाऊन उभे राहायचे. काही बोलायचे नाहीत, नुसते उभे. एकदा एक आजीबाई अशा उरल्या होत्या. त्यांची पिशवी आली तेव्हा तिच्यातली लोणच्याची बरणी फुटून तेल ठिबकत होतं. अण्णांनी पिशवी नळाखाली धुतली, पुसली, बरणीपुरता नवा डबा कुठूनसा पैदा केला आणि आजींना ऑटोत बसवून आले. मी म्हटलं, "अण्णा, हे आपलं काम आहे का?" तेव्हा ते कन्नडमध्ये म्हणाले, "नोडम्मा, पहिली बॅग काय, कुणीही देईल. विमानतळाची अब्रू शेवटच्या बॅगेत असते." 'नोडम्मा' म्हणजे 'हे बघ, बाई'. मला ते याच नावाने हाक मारायचे.

दुपारचं जेवण आम्ही दोघं बॅगांच्या खोलीत करायचो. त्यांच्या डब्यात मुद्दा, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आणि सारू म्हणजे पातळ आमटी, माझ्या डब्यात पोळीभाजी. बरोबर त्याच वेळी माझ्या आईचा फोन यायचा. हात खरकटे, म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून डब्याला टेकवून ठेवायची. आई म्हणजे तोफखाना. "जेवलीस का? काय जेवलीस? नुसती भाजी चिवडू नकोस. काल मावशीला काय बोललीस तू? उचलली जीभ लावली टाळ्याला! तुझ्या त्या जिभेला हाड म्हणून नाही." अण्णा मान खाली घालून मुद्दा गिळत असायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. आई गेली तेव्हा अण्णा आनेकलहून आले, दारात अर्धा तास उभे राहिले आणि न बोलता परत गेले. त्यानंतर कित्येक महिने आम्ही दोघं मुकाट जेवायचो.

त्याच्या आधीच विमानतळ शहरातून उठून देवनहळ्ळीकडे गेला होता. स्टाफच्या बसच्या खिडकीतून द्राक्षांचे मळे दिसायचे, रस्त्याच्या कडेला चकोत्र्यांचे, म्हणजे पपनसांचे, ढीग लावून बायका बसलेल्या असायच्या. नंतर मळ्यांच्या जागी प्लॉटचे दगड दिसायला लागले. अण्णा आता शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायचे, तरी कुरकुर नाही. नवा हॉल नुसता लखलखीत, पण बेल्टच्या वळणाशीच एक खांब, आणि त्या खांबाशी ट्रॉल्या अडकून रोज रामायण. अण्णा खांबावर हात आपटून म्हणायचे, "हे चित्र ज्याने काढलं त्याने आयुष्यात स्वतःची बॅग उचललेली नाही." मग एकदा जरा लाजत म्हणाले, "पुढचं टर्मिनल होईल तेव्हा मला कुणी विचारेल का, नोडम्मा? एक हॉल नीट लावून जावं असं फार वाटतं." मी म्हटलं, "अण्णा, तुमचं नाव मी स्वतः देईन. शब्द देते."

मग आली स्ट्रॅटेजी. गर्दी वाढत होती, विमानं वाढत होती, आणि हे सगळं सांभाळायला पुण्याहून एक साहेब आले. हुशार, तरुण, भराभर बोलणारे. मीटिंगमध्ये मी कुणाशी तरी फोनवर मराठीत बोलले ते त्यांनी ऐकलं, आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी मराठीतच बोलायला लागले. "अहो, किती रिलीफ वाटतो माहितीये? दिवसभर हिंदी-इंग्लिश बोलून जबडा दुखतो." मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? इतक्या वर्षांत ऑफिसात मराठी बोलायला पहिल्यांदाच कुणीतरी मिळालं होतं. साहेबांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी पार शेंड्यापर्यंत गेले. विमानतळाची कामगिरी मोजायचा नवा कक्ष त्यांनी माझ्या हातात दिला.

काय मोजायचं, ते मीच ठरवलं. बॅगांसाठी मी निवडली पहिली बॅग. विमान लागल्यापासून पहिली बॅग बेल्टवर पडेपर्यंत किती मिनिटं, बस्स. मोजायला सोपं, बाहेर बऱ्याच ठिकाणी मोजतात, आणि तक्त्यात छान दिसतं. बेल्टपाशी टॅबलेट घेतलेला एक माणूस उभा केला. पहिली बॅग दिसली की त्याने बटण दाबायचं. वेळेत आली तर तक्त्यात हिरवं, नाही आली तर लाल.

महिन्याभरात दुसऱ्या पाळीचा मुख्य पक्का तरबेज झाला. विमान लागलं की त्याचा एक माणूस हाताला लागेल ती एक बॅग घेऊन पळत सुटायचा, बेल्टवर टाकायचा, घड्याळ बंद, हिरवं! बाकीच्या बॅगा मग सावकाश, गप्पा मारत. ती एकटी बॅग बेल्टवर गोल गोल फिरत राहायची आणि शे-दीडशे माणसं तिच्याकडे आशेने बघत उभी असायची. अण्णांच्या पाळीत पहिली बॅग उशिरा यायची, पण एकदा सुरू झाल्या की पाठोपाठ सगळ्या यायच्या आणि हॉल झटक्यात रिकामा व्हायचा. तक्त्यात अण्णा रोज लाल.

मी त्यांना जाऊन सांगितलं, "अण्णा, एक बॅग पुढे पाठवा ना. काय बिघडतं?" ते म्हणाले, "कुणाची पाठवू, ते तू सांग. आणि उरलेल्यांना काय सांगू? घड्याळाला फसवायचं की माणसाला?" मी म्हटलं, "स्वल्प ॲडजस्ट करा हो." त्यांनी मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लाल. ते बरोबर आहेत हे मला ठाऊक होतं. बेल्टपाशी उभं राहिलं की आंधळ्यालाही दिसलं असतं. तक्रारी वाढत होत्या, प्रवाशांनी भरून दिलेल्या कागदांवर बॅगांचे गुण घसरत होते, आणि आमचा तक्ता मात्र हिरवागार. या दोन गोष्टींची सांगड घालणं माझं काम होतं. ते मी केलं नाही, कारण पहिली बॅग माझी कल्पना होती आणि त्या तक्त्याबद्दल साहेबांनी मला सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती.

नव्या टर्मिनलचं काम पुरं होत आलं. तिथला बॅगांचा हॉल कुणाच्या हाती द्यायचा, एवढं एक नाव साहेबांना वर पाठवायचं होतं. एक दिवस फेरी मारताना ते मला घेऊन अण्णांच्या बेल्टपाशी आले. अण्णा लगबगीने पुढे आले. इस्त्रीचा शर्ट घातला होता. कुणीतरी त्यांना आधी सांगितलं असणार. साहेबांनी हिंदीत चार प्रश्न विचारले, अण्णांनी मोडक्यातोडक्या हिंदीत उत्तरं दिली. मग साहेब माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हे सीनियर आहेत, पण यांचे सगळे रिपोर्ट रेड. मला तो दुसरा शार्प वाटतो. तुम्ही यांना इतकी वर्षं ओळखता. ऑनेस्टली सांगा, यांना जमेल?"

अण्णा हातभर अंतरावर उभे होते. माझ्या तोंडाकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघून हसले, त्यांचं कौतुक चाललंय असं वाटावं म्हणून चांगलं तोंडभर हसले, आणि मराठीत म्हणाले, "माणूस सोन्यासारखा आहे, सर. पण आता वय झालंय. नवीन काही डोक्यात शिरत नाही. तिकडे ओढत नेण्यात अर्थ नाही."

साहेब म्हणाले, "मलाही तेच वाटलं." अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, "सरी, मॅडम," म्हणजे 'ठीक आहे, मॅडम', एवढंच म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवशी ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. बातमी अजून फुटली नव्हती, मग यांना कळलं कुठून, मला काही उमगेना. तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन त्यांना शोधत गेले, तर ते बॅगांच्या खोलीत एकटेच बसले होते, समोर उघडा डबा. मान वर न करता म्हणाले, "ये. बस. जेवलीस का?"

मराठीत.

"काय जेवलीस? नुसती भाजी चिवडू नकोस," ते म्हणाले. उच्चार कानडी, पण शब्द, हेल, मधेच श्वास घेऊन थांबण्याची तऱ्हा, सगळं माझ्या आईचं. इतक्या वर्षांच्या जेवणांत त्या फोनमधून ते एक एक शब्द उचलत गेले होते. आणि मला ठार पत्ता नाही! आई जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि तिचं बोलणं मुद्द्याच्या घासासोबत या आनेकलच्या माणसाच्या तोंडून येत होतं. मी मटकन बसले. खरं सांगते, लाज वाटायच्या आधी मला आनंदच झाला.

मग ते म्हणाले, "उचलली जीभ लावली टाळ्याला." माझा आनंद तिथेच संपला.

"अण्णा," मी म्हटलं, "तुम्हाला सगळं..."

"सगळं. तुझ्या मावशीचं गुडघ्याचं दुखणंसुद्धा." ते क्षणभर हसले. मग पुढे एक एक शब्द जुळवत त्यांनी विचारलं, "एकच सांग. तू बोललीस ते तुला खरं वाटतं? की साहेबाला पाहिजे होतं म्हणून बोललीस?"

खोटं बोलायला जागा होती. पण ज्या मराठीत मी आयुष्यभर खोटं पचवलं होतं, तिच्यात आता माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "साहेबांना पाहिजे होतं म्हणून."

अण्णांनी मान डोलवली. "खरं वाटून बोलली असतीस तर बरं झालं असतं. मी म्हटलं असतं, ठीक, म्हातारा झालो. तू मला ओळखतेस, तुला कळतं." मग त्यांनी डबा बंद केला. अर्धा तसाच ठेवून.

पुढचे चार दिवस मी बेल्टपाशी उभी राहिले, मनगटावरचं घड्याळ घेऊन, आणि शेवटची बॅग मोजली. दोन्ही पाळ्यांची. जे मला आधीच माहीत होतं ते कागदावर उतरलं. अण्णांचा हॉल रिकामा होऊन जायचा तेव्हा दुसऱ्या पाळीची माणसं अजून मान उंच करून बेल्टकडे बघत असायची. सोमवारच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर मी उभी राहिले आणि इंग्रजीत सांगितलं, सगळ्यांना कळेल असं. पहिली बॅग मोजायची कल्पना माझी होती आणि ती चुकली. आपण वेग मोजत नव्हतो, आपण लोकांना नाटक करायला शिकवत होतो. या विमानतळावर बॅगांचं काम एकाच माणसाला कळतं आणि त्यालाच आपण लाल ठरवलंय. साहेब रागावतील, तक्ता फाडतील, काय वाटेल ते होईल अशा तयारीने बोलले.

साहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचले. मग मला बाजूला घेऊन मराठीत म्हणाले, "अहो, हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत? मी तर विचारलं होतं तुम्हाला."

विचारलं होतं हो. खरंच विचारलं होतं. त्या माणसाला दुष्ट ठरवून मला सुटता येत नाही, हीच तर माझी पंचाईत आहे.

दुसऱ्या पाळीच्या मुख्याचं नाव आधीच वर गेलं होतं. साहेबांनी माझ्यादेखत फोन लावला, नेटाने बाजू मांडली. वरून उत्तर आलं की शिफारशीत स्पष्ट लिहिलंय, हे गृहस्थ नव्या पद्धती स्वीकारू शकत नाहीत. आठवड्याभरात असं काय बदललं, असंही त्यांनी विचारलं. शिफारशीतली ती ओळ माझी होती. साहेबांनी तिचं नीटस इंग्रजी केलं होतं आणि खाली माहिती देणारी म्हणून माझा हुद्दा घातला होता. आदेश निघाला. दुसऱ्या पाळीचा तो तरबेज माणूस नव्या हॉलचा मुख्य झाला. मी जाऊन अण्णांना कन्नडमध्ये सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सरी."

शेवटची बॅग मोजायला सुरुवात झाली आणि दोन्ही पाळ्या सुधारल्या. तक्रारी कमी झाल्या, प्रवाशांच्या कागदांवर गुण वर गेले. वर्षअखेरच्या सभेत साहेबांनी त्यावर पडद्यावर एक अख्खी पाटी दाखवली, वर लिहिलं होतं 'आमची नवी स्ट्रॅटेजी', आणि हॉलभर टाळ्या पडल्या. अण्णा मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. नवं टर्मिनल उघडलं तेव्हा सगळ्यांना बघायला नेलं होतं; अण्णा म्हणाले, माझी पाळी आहे. ते गेले नाहीत.

निवृत्त होईपर्यंत ते त्या खांबाजवळच्या बेल्टवरच राहिले. जेवायला पुन्हा येऊ लागले होते. आम्ही बोलायचो, कन्नडमध्ये, हवापाणी, पोराबाळांचं, बसचं. शेवटच्या दिवशी निरोपाचा समारंभ आटोपला आणि आम्ही दोघं बॅगांच्या खोलीत बसलो. त्यांच्या गळ्यातला हार टेबलावर पडला होता. मी बरेच दिवस जुळवून ठेवलेलं मराठीत बोलायला लागले. म्हटलं, "अण्णा, मी शब्द दिला होता तुम्हाला आणि मीच तो मोडला. तुमचा हॉल मी घालवला. मला माफ करा. आणि एकदा, फक्त एकदाच, आईसारखं रागवा हो मला."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, मला तरी दिसला नाही. मग हळूच म्हणाले, "ननगे मराठी बरल्ला, मॅडम." मला मराठी येत नाही, मॅडम. त्यांनी डबा पिशवीत घातला, हार तिथेच ठेवला, आणि आनेकलच्या बसची वेळ झाली म्हणून उठले.